तोंड पाहून गळ

कटला हाती लागला की आधी त्याचं तोंड पाहावं. खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात फिरतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे ओठ जाड, कडेला झालर असलेले. त्याचा वावर मधल्या थरात. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, कारण त्याला तळातला गाळ उपसायचा असतो. एकाच तलावात तिघांना सोडता येतं ते यामुळेच. खाण्यावरून भांडण कमी. गळ टाकणाऱ्याला मात्र तीन वेगळे बेत करावे लागतात.

तिघांत एक गोष्ट सारखी: जबड्यात दात नाहीत, ते घशात. घास पाण्यासकट आत ओढायचा, चाचपायचा, नको ते फुंकून टाकायचं. आत ओढणं आणि फुंकून टाकणं यांत जो क्षण जातो, तेवढाच वेळ रिगच्या, म्हणजे गळ, दोरा आणि आमिष यांच्या बांधणीच्या, वाट्याला येतो.

आमच्या भागात आधी पाणी ओळखावं लागतं. डोंबिवलीच्या रेतीबंदरावर भरती-ओहोटीचं पाणी. तिथे या तिघा कार्प माशांची वाट पाहण्यात अर्थ नाही. मोहन्याच्या बंधाऱ्यावर उल्हास नदी गोड्या पाण्याची होते, पण जलपर्णी तिला झाकून टाकते. बदलापूरजवळचं बारवी धरण खोल. ठाण्यातले उपवनसारखे तलाव बांधीव काठांचे. तिथे गळ काढण्याआधी परवानगीची चौकशी करावी. हे तिन्ही मासे मुळात उत्तरेकडच्या नद्यांतले. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवलं, आणि मग बीज सोडून तलाव भरणं सोपं झालं.

कटल्यासाठी इथले जुने गळकरी कणकेचा गोळा वापरतात. तारेच्या स्प्रिंगभोवती कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेल्या डाळीचं पीठ थापायचं. भोवती आखूड दोऱ्यांचे चार-पाच गळ त्यातच खोचायचे. बूच वर, गोळा तळापासून उचललेला. पीठ विरघळून पाण्यात ढग होतो, कटला तो ढग ओढू लागतो आणि ढगाबरोबर एखादा गळ आत जातो. गोळा फार घट्ट मळला तर ढगच होत नाही, सैल मळला तर फेकतानाच सुटतो. मळणाऱ्याच्या बोटांना ते कळतं.

मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी खातात. त्यांच्यासाठी मी केसाची रिग बांधतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी ती रूढ केली. सुरुवातीला आमिष खरोखरच्या केसाने गळाला टांगलं होतं. आमिष गळावर नाही, गळाच्या शेजारी, अणी उघडी. मासा आमिष फुंकून टाकू लागतो तेव्हा पाठोपाठ येणारा गळ खालच्या ओठात रुततो.

बांधणी अशी. वीतभराहून थोडा जास्त मऊ, विणलेला दोरा घ्यावा आणि एका टोकाला बारीक फास करावा. मोकळं टोक गळाच्या डोळ्याच्या पाठीकडून आत घालून अणीच्या बाजूला काढावं आणि फास बाकाच्या जरासा खाली लोंबेल इतकं ओढावं. हा लोंबता भाग म्हणजे केस. तो दांडीला चिकटवून धरावा आणि त्याच्यासकट डोळ्यापासून खाली सात-आठ वेढे घालावेत, एकालगत एक. मग मोकळं टोक पुन्हा पाठीकडूनच डोळ्यातून काढावं. दुसऱ्या खेपेला बाजू चुकली तर गळ वळत नाही. आवळण्याआधी दोरा थुंकीने ओला करावा. नायलॉनचा तंगूस असेल तर हे विसरूच नये, कारण कोरड्या घर्षणाने तो तापतो आणि गाठीतच कमजोर होतो.

भिजवून उकडलेला काबुली चणा सुईने केसावर ओवायचा आणि फासात गवताची काडी अडकवायची. चणा आणि बाक यांत थोडी फट हवी. मग रिग तळहातावरून हळूच ओढून पाहायची. अणी वळून कातडीला लागली तर गाठ बरोबर, सपाट घसरली तर सोडून पुन्हा बांधायची.

शिशाचा निर्णय शेवटी. जड शिसं असेल तर टोचणीने दचकून पळालेला मासा स्वतःच्याच ओढीने गळ पक्का करून घेतो. पण तेच शिसं जलपर्णीच्या मुळांत अडकलं तर मासा तिथे बांधला जातो. म्हणून रिळावरचा तंगूस सगळ्यांत मजबूत, गळाचा दोरा त्याहून कच्चा आणि शिसं बांधायचं ते सगळ्यांत कच्च्या दोऱ्याने. अडकलं तर शिसं आधी गळून पडेल, आणि सारंच फसलं तर माशाच्या ओठात एक गळ आणि वीतभर दोरा राहील. कणकेच्या गोळ्यात ही सोय नाही. एका गळाला लागलेल्या माशाच्या अंगावर उरलेले गळ मोकळे फिरतात. ते मुळांत अडकतात, कधी त्याच्याच कल्ल्यांत. मासा घरी न्यायचा असेल तर गोळा ठीक. परत सोडायचा असेल तर एक गळ पुरे, आणि बांधायला बसण्याआधीच रिग कुठे तुटावी हे ठरलेलं असावं.