सरासरीच्या पडद्याआड

वर्गाची सरासरी चांगली आली म्हणजे वर्गातील प्रत्येक मूल उत्तीर्ण झाले, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. पन्नासांपैकी दहा मुले नापास असूनही सरासरी साठाच्या वर जाऊ शकते. आणि तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या मुख्याध्यापकाला ती दहा मुले कधीच दिसत नाहीत. दूरध्वनी व इंटरनेट यांच्या जाळ्यांची कामगिरी आकड्यांत मांडली जाते, तेव्हा या साध्या सत्याचे विस्मरण होऊ नये, असे आम्हांस वाटते.

जाळ्याची मोजदाद हे शास्त्र नवे नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०८ साली दाखल झालेला गणितज्ञ आग्नर एरलांग हाही पूर्वाश्रमीचा शाळामास्तरच. त्याने १९०९ मध्ये दूरध्वनी संभाषणांना संभाव्यतेचे गणित लावले आणि १९१७ मध्ये, किती तारा असल्या म्हणजे किती ग्राहकांना निराश होऊन परतावे लागेल, याचे सूत्र दिले. दूरध्वनीच्या वर्दळीचे एकक आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. या शास्त्राचा पहिला धडा असा की, दिवसभराच्या सरासरीवर बेतलेली यंत्रणा नेमकी गर्दीच्या तासाला कोलमडते. म्हणून हिशेब धरावयाचा तो गर्दीच्या तासाचा.

संगणकांच्या जाळ्यांतही हाच अनुभव आला. १९९५ पासून प्रसृत झालेली ‘एमआरटीजी’ ही आज्ञावली दर पाच मिनिटांनी राउटरवरील मोजणी टिपून तिचा आलेख काढी. परंतु जागेच्या काटकसरीसाठी जुन्या नोंदींची सरासरी करून ठेवली जाई: आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची, महिन्याच्या आलेखात दोन तासांची, वर्षाच्या आलेखात संपूर्ण दिवसाची. दहा मिनिटे पूर्ण तुंबलेली वाहिनी वर्षाच्या आलेखात निवांत वाहताना दिसे! उच्चांक वेगळे दाखविण्याची सोय होती. पण ती कोणी मुद्दाम केली तरच. नोंद कशी ठेवावी हे ठरविणाराच पुढे काय दिसेल हेही ठरवितो.

आपल्याकडे कॉल मध्येच तुटण्याचे प्रमाण पूर्वी संपूर्ण परिमंडळाच्या सरासरीने मोजले जाई. महाराष्ट्र परिमंडळ म्हणजे मुंबई वगळता जवळजवळ सारे राज्य, आणि शिवाय गोवा. पुण्याच्या पेठा आणि गडचिरोलीचे पाडे एकाच आकड्यात! दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ही उणीव ओळखली आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून टॉवरवार व दिवसवार पाहणाऱ्या कसोट्या लागू केल्या. २०२४ च्या नियमांनी मोबाइल सेवेचा तिमाही हिशेब मासिक करण्याचे ठरविले. ही पावले स्वागतार्ह आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

तथापि एक प्रश्न उरतोच. तुटलेला कॉल मोजला जातो, कारण तो आधी जोडला गेलेला असतो. जेथे रेंजच नाही तेथे कॉल जोडलाही जात नाही आणि तुटतही नाही; त्या रकान्यात त्याची नोंदच होत नाही. सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या वाडीत रात्री रुग्णवाहिका बोलावण्यासाठी फोन उंच धरून टेकडी चढणारा मनुष्य तुटलेल्या कॉलच्या आकड्यांत कोठेच नसतो. त्याच्या दृष्टीने दोन टक्क्यांच्या मर्यादेला अर्थ तो काय?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कंपन्यांनी मूळ नोंदी सरासरीत विरघळवून न टाकता काही काळ तरी जशाच्या तशा जपाव्यात. टॉवरवार व तासवार आकडे सामान्य नागरिकाला वाचता येतील अशा रूपात प्रसिद्ध व्हावेत. आणि जेथे सेवा पोहोचतच नाही, त्या जागांचीही नोंद तितक्याच काटेकोरपणे व्हावी. नागरिकांनीही केवळ त्रागा न करता तारीख, वेळ व ठिकाण टिपून तक्रार करावी. नोंदीला उत्तर नोंदीनेच देता येते.

शिक्षक हजेरी घेतो ती उपस्थितांच्या कौतुकासाठी नव्हे, तर कोण आले नाही हे कळावे म्हणून. पण हजेरीपटात ज्याचे नावच नाही, त्याची गैरहजेरी मांडणार कोण?