मोटार नाही, तरी खिडकी उघडते!

पावसाळा लागला की घरातलं एखादं तरी दार रुसून बसतं. लागता लागत नाही, आणि जोर लावून लावलंच तर उघडत नाही. मग सुतारकाका येतात, कडेला रंधा मारतात आणि म्हणतात, "लाकूड फुगलंय."

हे फुगणं म्हणजे डोक्याला ताप, असंच सगळे म्हणतात. पण जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठातले वास्तुरचनाकार आखिम मेंगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच विचार केला. लाकूड आपणहून हलतंच आहे ना, मग त्याच्याकडून काम का करून घेऊ नये? मला हा प्रश्न फार म्हणजे फार आवडतो.

आधी लाकूड फुगतं कसं ते बघू. लाकडात सेल्युलोजचे अतिशय बारीक तंतू असतात. हवेतलं बाष्प या तंतूंच्या मधे शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात. म्हणून फळी रुंदीला फुगते, लांबीला मात्र जवळजवळ होती तेवढीच राहते.

आता एक गंमत करा. ट्रेसिंग पेपरची छोटी पट्टी कापा आणि ताटलीतल्या पाण्यावर अलगद ठेवा. वरची बाजू भिजू देऊ नका हं! बघता बघता पट्टी गुंडाळायला लागेल. खालची बाजू पाणी पिऊन पसरली, वरची कोरडीच राहिली, मग पट्टी वाकणार नाही तर काय करणार? जरा थांबा. पाणी वरपर्यंत पोचलं की ती पुन्हा सरळ होईल.

पाइनच्या झाडाचा शंकू हीच युक्ती वापरतो. त्याच्या खवल्यांच्या आड बिया असतात. हवा कोरडी असली की खवले उघडतात आणि बिया वाऱ्यावर निघतात. पाऊस आला की खवले मिटतात. प्रत्येक खवल्याला दोन थर असतात. बाहेरचा थर ओला झाला की लांबतो, आतला फारसा लांबत नाही, म्हणून खवला आत वळतो. आणि ऐका, पिकलेल्या शंकूचे हे खवले जिवंत नसतात! जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीत एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वीचे शंकू सापडले. शास्त्रज्ञांनी ते भिजवले, वाळवले, तर त्यांचे खवले अजूनही हलत होते. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं.

मेंगेस यांच्या गटाने लाकडाचे पातळ पापुद्रे घेतले आणि २०१३ साली 'हायग्रोस्किन' नावाची छोटी वास्तू उभी केली. ऊन पडून हवा कोरडी झाली की तिच्या भिंतीतल्या पाकळ्या उघडतात, पावसाळी हवेत मिटतात. वीज नाही, मोटार नाही, बटण नाही. पुढे फ्रायबुर्गमधल्या एका इमारतीच्या छतातल्या खिडकीला असेच ४२४ तुकडे बसवले. ते सेल्युलोजपासून छापून काढलेले आहेत, हो, थ्रीडी प्रिंटरवर! तिथल्या थंड, दमट हिवाळ्यात ते वळून ऊन आत घेतात आणि कोरड्या उन्हाळ्यात सपाट होऊन सावली धरतात.

पण माझा सगळ्यात लाडका आहे तो उर्बाख गावचा मनोरा. २०१९ साली बांधलेला, १४ मीटर उंच, सगळा लाकडी आणि सगळा वळणदार. एरवी एवढं जाड लाकूड वाकवायचं तर अवजड यंत्रांनी दाबावं लागतं. इथे स्प्रूसच्या लाकडाचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवून सपाट, ओलसर फळ्या केल्या आणि वाळायला ठेवल्या. वाळता वाळता त्या स्वतःच वळल्या, अगदी आधी हिशोब केला होता तेवढ्याच!

मग पावसात भिजून मनोरा पुन्हा सपाट नाही का होणार? नाही. वळलेल्या फळ्या एकमेकींवर चिकटवून टाकल्या, त्यामुळे त्यांचा आकार पक्का झाला. आणि पाऊस, ऊन झेलायला बाहेरून लार्चच्या लाकडाचा आणखी एक थर चढवला.