पेशींचे पात्र आणि हळदीचा पिवळा रंग

दाहशामक संयुगांवरील प्रयोगशाळेतील काम म्हणजे नव्या औषधाची चाचणीच, असा सर्वसाधारण समज असला, तरी अशा संशोधनात संयुग पुष्कळदा केवळ साधन म्हणून, म्हणजे दाहाच्या साखळीतील एखादा दुवा अडवून त्याचे कार्य जाणून घेण्यासाठी, वापरले जाते. इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीर जो संरक्षक प्रतिसाद देते, तो दाह होय. त्यात भाग घेणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या संदेशवाहक द्रव्यांची निर्मिती अ‍ॅस्पिरिन रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले, तोवर ते औषध सुमारे सत्तर वर्षे वापरात होते, म्हणजे ती नव्या औषधाची चाचणी नव्हतीच.

प्रयोगशाळेत पेशी वाढवलेल्या पात्रात दाहाचे माप घटले की दाह शमला, हा समज अधिक घातक आहे, कारण तो कधीकधी संशोधकांनाही फसवतो. जंतूंना गिळणाऱ्या महाभक्षी पेशींना जिवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइडने चेतवले असता त्या नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये स्रवतात आणि त्यांचे प्रमाण हेच दाहाचे माप धरले जाते. मात्र तपासले जाणारे संयुग विषारी असेल, तर पेशी मेल्यामुळेही स्राव घटतो, म्हणून पेशी जिवंत असल्याची वेगळी चाचणी घ्यावी लागते आणि संयुग ज्यात विरघळवले त्या द्रावकाचा परिणामही स्वतंत्रपणे पाहावा लागतो. हळदीतील कर्क्युमिन तर स्वतःच पिवळे व प्रकाशदीप्त असल्याने रंगावर वा प्रकाशावर आधारलेल्या मापनात ढवळाढवळ करते, अनेक प्रथिनांशी अविशिष्टपणे प्रतिक्रिया करते आणि शरीरातील आम्लतेच्या पातळीच्या साध्या द्रावणात काही मिनिटांतच विघटित होऊ लागते, त्यामुळे दिसलेला परिणाम नेमका कोणाचा, हा प्रश्न उरतोच. शिवाय बाजारात ‘कर्क्युमिन’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुधा त्याची दोन भावंड-संयुगेही मिसळलेली असतात, आणि तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोहोचते. पात्रातील मात्रा त्याहून कितीतरी जास्त असते.

हळदीबद्दलचा आणखी एक समज प्रयोगशाळेबाहेरचा आहे: जखमेवरील हळदीच्या वापरासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले, तेव्हा हळदीचे औषधी गुण सिद्ध झाले असे अनेकांनी मानले. प्रत्यक्षात तेथे निकाल एवढाच लागला की हा वापर नवा नव्हता. तो किती परिणामकारक आहे, हा मुद्दा पेटंट कार्यालयापुढे नव्हताच.