कड्यावरचा हलका सज्जा

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती दरीत आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दहावे लेणे प्रथम दिसले, ते समोरच्या डोंगरावरून. अशा कड्यावर दरी पाहण्यासाठी सज्जा बांधायचा झाला, तर तो कसा असावा?

एक पट्टी टेबलाच्या कडेबाहेर अर्ध्याहून अधिक सरकवा. ती पडेल. आता तिच्या मागच्या टोकावर पुस्तक ठेवा. ती टिकेल. सज्ज्याच्या बाबतीत पुस्तकाचे काम खडकात खोल रोवलेल्या सळया करतात. सज्जाची लांबी दुप्पट केली, तर वजनही दुप्पट आणि त्याचे कड्यापासूनचे अंतरही दुप्पट होते. म्हणून वाकविणारा जोर चौपट होतो!

गर्दीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ५०० कि.ग्रॅ. भार धरतात. तो कमी करता येत नाही. मात्र १५ सें.मी. जाडीच्या काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३६० कि.ग्रॅ. भरते, तर पोलादी जाळीचे त्याच्या दशांशाच्या आसपास. शिवाय जाळीतून पावसाचे पाणी निथळून जाते.

येथील बेसाल्ट कठीण असला तरी त्यात उभ्या भेगा असतात. म्हणून आधी खडक तपासावा. सुरुंग तर लावूच नयेत, कारण लेण्यांतील चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. हादऱ्याने गिलावा सुटू शकतो. सज्जा जितका हलका, तितकी डोंगराला इजा कमी.