हाक न ऐकणारे पोर आणि घोडा

कर्जतच्या गाडीने बदलापूर सोडले की पुढचे स्टेशन वांगणी. इथे पुष्कळ अंध कुटुंबे राहतात. पांढरी काठी टेकत कुणी फलाटावर आले की लोक बाजूला सरतात, हात देतात. पण त्याच फलाटावर धडधाकट दिसणारे सहा वर्षांचे पोर गाडीच्या भोंग्याने कान झाकून लोळण घेऊ लागले, तर लोक आईकडे बघून काय म्हणतात? "लाडावून ठेवलंय!" डॉक्टर जिला ऑटिझम म्हणतात ती स्वमग्नता वरून दिसत नाही, म्हणून बोल आईला लागतो.

असे मूल तुमच्याही भावकीत असेल. हाक मारली तर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, ताटलीच फिरवत बसते, रोजची वाट बदलली तर आकांत मांडते. ही बाहेरची बाधा नव्हे आणि आईची कसूरही नव्हे. त्याच्या मेंदूची घडणच वेगळी असते.

आता घोड्याचे. वांगणीनंतर शेलू, मग नेरळ, आणि तिथून वर माथेरान. तिथे मोटारींना मज्जाव, म्हणून प्रवासी घोड्यावर बसतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. अशा शांत जनावराच्या मदतीने अपंगांवर उपचार करतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढायलाही त्यांना दुसऱ्याचा हात लागे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले, आणि या उपचाराकडे लोकांचे लक्ष गेले. पुढे तो स्वमग्न मुलांसाठीही होऊ लागला.

यात जादू काही नाही. घोडा चालतो तेव्हा बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूंना हलते, अगदी आपण चालताना हलते तशी. त्या एकसारख्या ठेक्याने बरीच मुले निवतात. बैलगाडीत रडके पोर कसे झोपी जाते, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय घोडा 'माझ्याकडे बघ' म्हणत नाही, रागे भरत नाही. शिकवणारा घोडा उभा करतो आणि वाट पाहतो. पोराने 'चल' म्हटले, किंवा नुसती खूण केली, की घोडा निघतो. आपल्या शब्दाने एवढे मोठे जनावर हलले, हे पोराला तिथल्या तिथे कळते.

अमेरिकेत सहा ते सोळा वर्षांच्या शंभराहून अधिक स्वमग्न मुलांची पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. एका गटाने दहा आठवडे घोडेस्वारी केली, दुसरा घोड्याविषयी शिकला पण खऱ्या घोड्याशिवाय. स्वारी करणाऱ्यांची चिडचिड आणि चंचलपणा अधिक कमी झाला, बोलण्यातले शब्द वाढले. स्वमग्नता मात्र यामुळे जात नाही. जाते म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि वरातीच्या किंवा जत्रेतल्या घोड्यावर पोराला बसवून हे होत नाही. पोर अचानक किंचाळले तर घोडा बुजेल. उपचाराचा घोडा शिकवलेला असतो, पुढे एक माणूस दोर धरतो, दोन्ही बाजूंना एकेक चालतो, पोराच्या डोक्याला टोप असतो. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे लागते. खर्चही मोठा. त्यासाठी कुणी जमीन गहाण टाकू नये, असे मला वाटते.

त्याआधी करण्याजोगे बरेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्या दिवशी पोराला घरी लपवू नका, पुढे करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नतेचे नाव आहे, तेव्हा दाखल्याचीही चौकशी करा.

घोडा नसला तरी गोठा आहे. तो काही उपचार नव्हे, पण वाट पाहण्याची ती रीत तिथेही चालते. गरीब शेळी निवडा. रोज त्याच वेळी पाला घेऊन पोराजवळ उभे राहा. त्याने 'दे' म्हटले किंवा हात पुढे केला की लगेच द्या, आणि शेळीला चारू द्या. आठ दिवसांत काही दिसणार नाही, कदाचित महिन्यातही नाही. आणि बाबांनो, पाण्याची पाळी जशी भावाभावांत वाटून घेता, तशी या कामाची पाळीही आईसोबत वाटून घ्या.