'सरकारी' म्हणजे नेमकं काय? उपक्रमांचे वर्ग आणि त्यांचे दर्जे

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण तो तुमच्या-माझ्या घरापर्यंत येतो, तेव्हा जरा धीर धरा.

बारामती-इंदापूर भागात फिरताना काय काय दिसतं? पोस्ट दिसतं, एसटीचा डेपो दिसतो, महावितरणचं ऑफिस दिसतं, वालचंदनगरकडे गेलात तर शेती महामंडळाची जमीन दिसते. या चारही गोष्टींना आपण सरसकट 'सरकारी' म्हणतो. पण कायद्याच्या नजरेत त्या एका जातीच्या नाहीत.

पहिला वर्ग खात्याचा. पोस्ट हे केंद्र सरकारचं खातंच आहे. त्याला वेगळं कायदेशीर अस्तित्व नाही, त्याचा खर्च अर्थसंकल्पातून होतो आणि पोस्टमन हा सरकारचा नोकर असतो.

दुसरा वर्ग वैधानिक महामंडळाचा. एसटी महामंडळ 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली उभं आहे. एमआयडीसीसाठी राज्याने 1961 साली स्वतंत्र कायदा केला. कायद्याने जन्माला घातलेली ही वेगळी व्यक्ती. तिच्या नावाने मालमत्ता असते, तिच्यावर दावा लावता येतो.

तिसरा वर्ग सरकारी कंपनीचा. ज्या कंपनीच्या भरणा झालेल्या भागभांडवलात सरकारचा वाटा किमान 51 टक्के, ती सरकारी कंपनी. ही व्याख्या 2013 च्या कंपनी कायद्यात आहे. महावितरण या वर्गात येते. 2005 साली वीज मंडळाचं विभाजन होऊन ज्या कंपन्या झाल्या त्यांतली ती एक. आणि गंमत बघा, 1963 चं शेती महामंडळसुद्धा कंपनीच आहे! म्हणजे पाटीवर 'महामंडळ' लिहिलंय एवढ्यावरून वर्ग ठरत नाही. जन्म कोणत्या कायद्याखाली झाला, ते बघावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, या वर्गवारीने आम्हाला काय फरक पडतो? एसटीच्या कामगाराला विचारा. नोव्हेंबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत चाललेला संप आठवतोय ना? खेड्यापाड्यातली मुलं शाळा-कॉलेजला कशी जायची, हाच प्रश्न होता. त्या संपाची मुख्य मागणी होती विलीनीकरणाची. नीट पाहिलं तर ती वर्ग बदलण्याची मागणी होती: आम्हाला महामंडळाचे नोकर ठेवू नका, राज्य सरकारचे नोकर करा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली गेली, तिने विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला. शेवटी न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं.

यातला तात्त्विक पेच मला फार महत्त्वाचा वाटतो. 1975 च्या सुखदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एलआयसी, ओएनजीसी यांसारखी वैधानिक महामंडळं राज्यघटनेच्या कलम 12 नुसार 'राज्य' आहेत. म्हणजे मूलभूत हक्क त्यांनाही पाळावे लागतात. पण त्याआधी, 1969 साली, हिंदुस्थान स्टील या सरकारी कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की कंपनीच्या नोकराला कलम 311 चं, म्हणजे सरकारी नोकराला बडतर्फीविरुद्ध मिळणारं, संरक्षण नाही. हक्काचा प्रश्न आला की संस्था सरकार ठरते आणि नोकरीचा प्रश्न आला की ठरत नाही. वरवर ही विसंगती वाटते. न्यायदर्शनात जाती आणि उपाधी असा भेद करतात. गाईपण ही जाती, ते गाईला सोडून जात नाही. स्वयंपाकीपण ही उपाधी, ते कामावर अवलंबून. 'सरकारीपण' हे उपाधीसारखं आहे. कोणत्या कामासाठी विचारताय, त्यावर उत्तर ठरतं.

आता दर्जाकडे येऊ. वर्ग सांगतो ही वस्तू काय आहे. दर्जा सांगतो ती कोणत्या पायरीवर आहे. केंद्राच्या उपक्रमांसाठी दोन शिड्या आहेत. पहिली अनुसूचीची: अ, ब, क, ड. भांडवल, विक्री, नफा, कामगारसंख्या वगैरे बघून ती ठरते आणि तिच्यावरून अध्यक्ष व संचालकांची वेतनश्रेणी ठरते. दुसरी शिडी रत्नांची: मिनीरत्न, नवरत्न, महारत्न. नवरत्न आणि मिनीरत्न 1997 पासून, पहिली महारत्नं 2010 ची. महारत्न व्हायला आधी नवरत्न असावं लागतं, शेअर बाजारात नोंद लागते, तीन वर्षांची सरासरी उलाढाल 25,000 कोटी रुपयांच्या वर आणि निव्वळ नफा 5,000 कोटींच्या वर लागतो, शिवाय आणखीही अटी आहेत.

हे रत्न म्हणजे नुसती शाबासकी नव्हे. त्यातून अधिकार मिळतो. संयुक्त उपक्रमात किंवा उपकंपनीत पैसे गुंतवताना नवरत्नाला एका प्रकल्पात 1,000 कोटींपर्यंत आणि महारत्नाला 5,000 कोटींपर्यंत मंत्रालयाचा उंबरा झिजवावा लागत नाही. नक्त मालमत्तेच्या 15 टक्क्यांची मर्यादा मात्र दोघांनाही आहे. एसटी किंवा महावितरण या शिडीवर नाहीत, कारण ती राज्याची आहेत. आणि या शिडीचं मोजमाप मुख्यतः नफ्याचं आहे. तोट्यातल्या आडवाटेच्या गावाला रोज गाडी पाठवणाऱ्या संस्थेला त्या मापाने मोजलं, तर ती कायम खालच्याच पायरीवर दिसेल. माप निवडतानाच आपण काय मोलाचं मानतो ते ठरवत असतो.

श्रोत्यांमधून प्रश्न: माळेगाव किंवा भवानीनगरसारख्या साखर कारखान्यांना सरकार भागभांडवल देतं, मग ते सरकारी का नाहीत?

चांगला प्रश्न. ते सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेले आहेत, कंपनी म्हणून नाहीत. मालक ऊस उत्पादक सभासद, आणि तिथे एका सभासदाला एक मत असतं, शेअर कितीही असोत. तेव्हा सरकारने पैसा घातला म्हणून संस्था सरकारची होत नाही. कारखान्याचा हिशेब सभासदाने वार्षिक सभेत विचारायचा. एसटीचा हिशेब आमदारामार्फत विधिमंडळात विचारता येतो. दाद कुठल्या दारात मागायची, हे कळण्यासाठी तरी ही वर्गवारी माहीत हवी.