पाटीच्या दगडावरचे द्राक्षमळे

जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकते, हेच मुळात नवल. ते शक्य होते उतारामुळे. शरद ऋतूत तेथील सूर्य आकाशात फारसा वर चढत नाही; सपाट जमिनीवर त्याचे किरण तिरपे पडून विखुरतात, दक्षिणाभिमुख उतारावर मात्र ते जवळजवळ काटकोनात पडतात. म्हणूनच नागमोडी वाहणाऱ्या या नदीच्या ज्या काठांचे तोंड दक्षिणेकडे, तेथे उत्तम मळे आढळतात. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट तर काही ठिकाणी सुमारे ६५ अंशांपर्यंत चढा आहे. तेथे ट्रॅक्टर चढत नाही. छाटणी आणि तोडणी हातांनीच होते.

उरलेले काम दगड करतो. एके काळी शाळकरी मुलांच्या हाती असे, तोच हा पाटीचा दगड: काळसर, पापुद्र्यांचा. दिवसभर शोषलेली ऊब तो रात्री वेलींना परत देतो. या दगडाची चव वाइनमध्ये उतरते, असे रसिक सांगतात. त्यातील खनिजे थेट पेल्यात येतात, याला मात्र विज्ञानाचा आधार नाही.

येथील मुख्य वाण रीसलिंग. ते उशिरा पिकते. उष्ण प्रदेशात द्राक्षातील मॅलिक आम्ल श्वसनक्रियेत भराभर खर्ची पडते. मोझेलच्या थंड रात्री ते राखून ठेवतात. त्यामुळे तेथील गोडसर वाइनमध्ये मद्यार्क कित्येकदा ८-९ टक्केच असला आणि साखर शिल्लक राहिली, तरी ती मिट्ट लागत नाही. चिंच-गुळाच्या आमटीत गोडवा एकटा पडत नाही, तसेच हे.

पूर्वी शेतकऱ्याला चिंता असे ती द्राक्ष पिकेल की नाही, याची. आता ती उलटली आहे. हवामान तापल्याने तोडणी अलीकडे सरकली; साखर सहज चढते, आम्ल टिकवणे अवघड जाते. सार या उपनदीच्या खोऱ्यातील ज्या थंड मळ्यांत अनेकदा द्राक्षे कच्चीच राहत, ते आता हवेसे वाटू लागले आहेत.

सर्वांत मोठा फटका बसला तो आइसवाइनला. तिच्यासाठी वेलीवरच गोठलेली द्राक्षे उणे ७ अंश किंवा त्याहून कमी तापमानात तोडून तशीच पिळावी लागतात. पाणी बर्फरूपाने मागे राहते आणि दाट रस तेवढा उतरतो. २०१९च्या पिकाला ती थंडी लाभलीच नाही. त्या हिवाळ्यात जर्मनीच्या तेराही वाइन-प्रदेशांत आइसवाइनची तोडणी झाली नाही.